पट्टे, ठिपके आणि दहावीचा पहिला धडा

जानेवारी २०१८मध्ये वैदिक संमेलनाच्या निमित्ताने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. वानराचा माणूस होताना आपण पाहिलेला नाही, आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचेही सांगून वा लिहून ठेवलेले नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांतला अभ्यासक्रम बदलायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडले. पुढे वाद विरला.

माझ्या मनातून मात्र त्यातला एक शब्द जात नाही, ‘पाहिलेला नाही’. मी तालुक्याच्या गावी दहावीला विज्ञान शिकवते आणि हाच प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. ‘बाई, मग आत्ताची माकडं माणूस का नाही होत?’ विचारणारी मुले कुणाची री ओढत नसतात. त्यांना खरोखरच कळलेले नसते, आणि आम्ही देतो ते उत्तर अपुरे पडते. पेरीपॅटस, डकबिल प्लॅटिपस, लंगफिश ही दोन प्राणिगटांना जोडणाऱ्या दुव्यांची नावे पाठ होतात. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ ही अवशेषांगे, म्हणजे आता फारशी कामाची न उरलेली अंगे, पाठ होतात. दोन गुणांच्या प्रश्नाला तेवढे पुरते. पण एक आकार जाऊन दुसरा येतो तेव्हा नेमके काय बदलते, हे धडा संपला तरी मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही.

एनसीईआरटीने तर हा प्रश्न पडायची जागाच काढून टाकली. कोविडकाळात विद्यार्थ्यांवरचा भार हलका करायचा म्हणून दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि २०२३च्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. १,८००हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असे उत्तर मिळते. पण माझ्या वर्गातली बहुतेक मुले दहावीनंतर कॉमर्सला जातात, आर्ट्सला जातात, आयटीआयला जातात. त्यांच्यासाठी जीवशास्त्राचे शेवटचे स्टेशन दहावी हेच आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्याने होते, याचा मला अभिमान आहे. नव्या धोरणानुसार पुस्तके बदलू लागली आहेत. त्या बदलात हा धडा टिकायलाच हवा, पण नुसता टिकून भागणार नाही. त्याला एक प्रात्यक्षिक जोडले पाहिजे. आकार कसा घडतो आणि कसा बदलतो, हे मुलांनी संगणकावर स्वतः करून पाहिले पाहिजे. शास्त्रज्ञ गेली सत्तर वर्षे हेच करत आले आहेत. त्यातले शाळेत आणण्याजोगे पुष्कळ आहे, आणि तरीही ते आपल्या शाळांपर्यंत आलेले नाही.

सुरुवात ॲलन ट्युरिंगपासून करावी लागते. संगणकशास्त्राचा पाया घालणारे आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेशांची गुप्त लिपी फोडण्यात मोठा वाटा असलेले हे गणिती १९५२मध्ये मँचेस्टर विद्यापीठात होते. तिथे त्यांनी एक वेगळाच निबंध लिहिला. गर्भ सुरुवातीला जवळपास एकसारख्या पेशींचा गोळा असतो. त्यात डावे-उजवे, इथे ठिपका-तिथे नाही, असा भेद येतो कुठून? ट्युरिंग यांचे उत्तर असे होते की, दोन रसायने पुरेशी आहेत. त्यांची आपापसांत अभिक्रिया व्हायला हवी आणि ती वेगवेगळ्या वेगाने पसरायला हवीत. पुढे १९७२मध्ये जर्मनीत गीरर आणि माइनहार्ट यांनी हीच कल्पना जास्त स्पष्ट केली. एक प्रेरक, जो स्वतःलाही वाढवतो आणि रोधकालाही. दुसरा रोधक, जो प्रेरकाला दाबतो आणि त्याच्यापेक्षा लवकर दूरवर पोचतो.

वर्गात मी हे वडापावच्या गाड्यांवरून सांगते. हायवेला एक गाडी लागली, गर्दी जमली, की शेजारी दुसरी लागते, तिसरी लागते. धंदा धंद्याला ओढतो, पण जवळच्या जवळ. पोट भरलेले गिऱ्हाईक मात्र पुढे काही किलोमीटर तरी दुसरीकडे थांबत नाही, म्हणून तेवढ्या पट्ट्यात कुणाचीच गाडी तगत नाही. मग पुन्हा एक घोळका. कुणीही नकाशा काढून जागा ठरवून दिलेल्या नसतात, तरी घोळक्यांमधले अंतर साधारण सारखे पडते. मोठ्या मैदानात हेच झाले तर घोळके ठिपक्यांसारखे विखुरतील. अरुंद बोळात झाले तर एकेक घोळका बोळाची सगळी रुंदी व्यापेल आणि आडवे पट्टे दिसतील.

हा अरुंद बोळ म्हणजे बिबट्याची शेपूट. ऑक्सफर्डचे गणिती जेम्स मरे यांनी १९८०च्या दशकात हीच गणिते जनावरांच्या कातडीच्या आकाराच्या पडद्यावर सोडवून पाहिली. रुंद पाठीवर ठिपके आले आणि निमुळत्या शेपटीवर कडी आली. त्यावरून त्यांनी एक नियम मांडला. ठिपकेदार जनावराला पट्टेदार शेपूट असू शकते, पट्टेदार जनावराला ठिपकेदार शेपूट सहसा असू नये. जुन्नर भागातला बिबट्या आता सगळ्यांच्या मोबाईलवर असतो. त्याच्या शेपटीच्या टोकाकडे ठिपके एकमेकांत मिसळून आडवे होत जातात, ते निरखून पाहा.

मागच्या वर्षी एका शनिवारी मी शाळेच्या संगणक-खोलीत मुलांना याच गणिताचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, उघडून दिले. ब्राउझरमध्ये चालणारी अशी पाने फुकट मिळतात. त्यांत दोन आकडे सरकवायचे असतात, एक रसायन किती वेगाने भरायचे आणि दुसरे किती वेगाने काढायचे. कोऱ्या पडद्यावर माऊसने एक टिंब द्यायचे आणि थांबायचे. टिंबाचे दोन झाले, दोनाचे चार, मग साऱ्या पडद्यावर ठिपके पसरले. एका मुलीने आकडा जरासा सरकवला आणि ठिपके लांबून एकमेकांना जुळले, भूलभुलैयासारख्या रेघा झाल्या. ती म्हणाली, ‘बाई, मी रेघा काढल्याच नाहीत.’

मला त्या वाक्याचे मोल फार वाटते. आपल्या मनात आकार म्हटला की नकाशा असतो. कुंभार आधी मनात घडा बघतो आणि मग चाकावर घडवतो, असे आपण समजतो. म्हणून प्राण्याचा आकार बदलायचा तर कुणीतरी नवा नकाशा काढायला हवा, किंवा माकडाने हळूहळू ताठ उभे राहायची इच्छा धरायला हवी, असे मुलांना वाटते. जनुकांत नकाशा नसतो. त्यांतून ठरतात ते वेग, प्रमाण आणि कोण कुणाला दाबणार हे संबंध. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात बदल, होतो तेव्हा सरकतो तो यांतला एखादा आकडा, आणि आकार त्याच्यामागून फरफटत येतो. एकदा हे पटले की उत्क्रांतीत काय बदलते, याचे उत्तर हाताला लागते.

इथे दातांचे उदाहरण थोडे सविस्तर सांगते, कारण या सगळ्या शास्त्रात मला ते सर्वांत प्रामाणिक काम वाटते. फिनलंडमध्ये हेलसिंकीला युक्का येर्नवाल आणि इसाक सालाझार-सियुदाद यांनी दाढ कशी घडते याचे संगणकीय प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, तयार केले. पेशी किती वेगाने वाढतात, संदेश देणारी द्रव्ये किती लांब जातात, आजूबाजूच्या ऊतींचा दाब किती, एवढे त्याला सांगायचे. उंचवटे कुठे आणि किती यावेत हे सांगायचे नाही, ते आपोआप येतात. रशियातल्या लाडोगा सरोवरातल्या सीलच्या दाढांवरच्या उंचवट्यांत एका प्राण्यापासून दुसऱ्यापर्यंत बराच फरक असतो. प्रतिरूपातले आकडे थोडेथोडे हलवले की त्याच धर्तीचे फरक पडद्यावर उमटतात, हे त्यांनी २०१०मध्ये दाखवले.

त्याआधी, २००७मध्ये, येर्नवाल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या दाढा अभ्यासल्या होत्या. उंदराला खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन दाढा. पहिली मोठी, शेवटची लहान. घडत असलेल्या पहिल्या दाढेचा कोंब मागच्या ऊतीपासून कापून वेगळा केला, तर मागच्या दाढा लवकर सुरू होतात आणि मोठ्या होतात. म्हणजे पुढची दाढ मागचीला दाबून धरते. या एका गोष्टीवरून त्यांनी भाकीत केले की, दाबण्याचा जोर कितीही असला तरी मधल्या दाढेचा वाटा तिन्हींच्या एकूण क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश राहील. उंदीरवर्गातल्या इतर जातींचे जबडे मोजले, तेव्हा ते बऱ्याच अंशी जुळले. पुढे २०१६मध्ये हाच नियम मानववंशाच्या जीवाश्मांना लावून पाहिला गेला. ऑस्ट्रॅलोपिथेकससारख्या जुन्या नातलगांत दाढा मागे मोठ्या होत जातात, आपल्या होमो वंशात कल उलटा होतो. आपली अक्कलदाढ अनेकांना येतच नाही, आली तर वेडीवाकडी येते. आमच्या पुस्तकात तिची नोंद ‘अवशेषांग’ म्हणून एका शब्दात होते. तो शब्द पाठ करण्यापेक्षा, पुढच्या दाढेने मागचीला किती दाबावे हा एक आकडा लाखो वर्षांत सरकत आला आहे, असे पाहणे कितीतरी समृद्ध आहे.

उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग, असा जो आक्षेप घेतला जातो त्यालाही दाढा उत्तर देतात. उत्परिवर्तने कुठल्याही गरजेकडे पाहून होत नाहीत, हे खरे. पण त्यांतून वाटेल तो आकार निघत नाही. पहिली दाढ लहान, दुसरी प्रचंड आणि तिसरी पुन्हा लहान, असा जबडा या नियमातून सहजासहजी निघत नाही. शंखांबाबत तर हे १९६०च्या दशकातच दिसले होते. अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांनी दाखवले की, शंख-शिंपल्यांचे मूळ वळण चार आकड्यांत मांडता येते. तेव्हाच्या संगणकाकडून त्यांनी या आकड्यांचे नाना मेळ काढून घेतले. निसर्गात सापडणारे शंख त्या साऱ्या शक्यतांच्या थोड्याशाच भागात दाटीने बसलेले निघाले, बाकी पुष्कळ जागा रिकामी. गुहागरच्या किनाऱ्यावर मूठभर शंख वेचून आणले तर ते त्याच दाटीतले असतील. रिकामी जागा रिकामी का, हा प्रश्न मुलांना पडायला हवा. काही आकार जगायला निरुपयोगी म्हणून, काही मुळात घडणेच अवघड म्हणून. यांतले कुठे कोणते कारण लागू पडते, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात.

आता एक आक्षेप, जो पालकसभेत मला एका वडिलांनी विचारला. ‘बाई, तो प्रोग्राम कुणीतरी लिहिलाच ना? मग निसर्गाचाही कुणी लिहिणारा असेलच.’ हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. प्रोग्राम लिहिणारा असतो, मान्य. पण तो लिहितो नियम, निकाल नव्हे. १९९४मध्ये कार्ल सिम्स यांनी संगणकात ठोकळ्यांचे प्राणी वाढवले. शरीर आणि स्नायूंचे नियंत्रण दोन्ही पिढ्यानपिढ्या बदलत जायचे, आणि जे वेगाने सरकतील त्यांनाच पुढची पिढी मिळायची. काही वंश चालायला शिकण्याऐवजी उंचच उंच झाले आणि नुसते आडवे पडून वेग मिळवू लागले. सिम्स यांच्या मनात हे नव्हते. त्यांना नियम दुरुस्त करावे लागले. निकाल आधीच लिहिलेला असता तर लिहिणाऱ्याला असे चकित व्हावे लागले नसते. अर्थात इथे ‘वेगाने सरका’ हे ध्येय माणसाने दिले होते, निसर्गात असे ध्येय कुणी देत नाही, आणि हा फरक मी वर्गात लपवत नाही. नियम आले कुठून, हा प्रश्न त्या वडिलांचा त्यांच्यापाशी राहतो. तो श्रद्धेचा प्रश्न आहे, त्याला विज्ञानाच्या तासाला उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. पट्टे कुणी रंगवले, याचे उत्तर मात्र विज्ञानाच्या तासालाच द्यायचे आहे.

डोळ्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट पायरीपायरीने घडली असेल तर मधल्या पायरीवरचा ‘अर्धा डोळा काय कामाचा’, हा जुना प्रश्नही असाच करून पाहता येतो. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मिशिगनमध्ये वाढलेल्या अविडा या संगणक-प्रणालीत स्वतःच्या प्रती काढणारे छोटे प्रोग्राम एकमेकांशी स्पर्धा करतात. प्रती काढताना चुका होतात. २००३मध्ये लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अदामी या संशोधकांनी या प्रोग्रामांना तर्काच्या क्रिया करण्याबद्दल बक्षीस म्हणून जास्त ऊर्जा दिली. सर्वांत अवघड क्रिया होती दोन संख्या तंतोतंत सारख्या आहेत का हे ताडण्याची. ५० स्वतंत्र वस्त्यांपैकी २३ वस्त्यांत ती उगवली. सोप्या क्रियांचे बक्षीस काढून टाकले आणि फक्त अवघडीचेच ठेवले, तेव्हा ५०पैकी एकाही वस्तीत ती आली नाही. काही वंशांत तर वाटेत नुकसानकारक ठरलेली चूकच पुढे उपयोगी पडली. याची शाळा-कॉलेजांसाठीची आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर माझी मागणी खोटी ठरेल. पडद्यावर वाघासारखे पट्टे आले म्हणजे वाघाचे पट्टे तसेच होतात, हे सिद्ध होत नाही. फळमाशीच्या गर्भावर एका टप्प्यात एका जनुकाचे सात सुबक पट्टे उमटतात. पाहिल्याबरोबर ट्युरिंग आठवावेत इतके नियमित. प्रत्यक्षात ते तसे नाहीत. एकेका पट्ट्याची, कुठे दोघांची मिळून, व्यवस्था डीएनएच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी लावलेली आहे. अगदी हाताने मांडल्यासारखी. गणित सुंदर होते आणि निसर्ग दुसऱ्याच वाटेने गेला होता. उलट जपानचे शिगेरू कोंडो आणि असाई यांनी १९९५मध्ये एंजलफिशच्या अंगावरचे पट्टे मासा वाढताना कसे सरकतात, कुठे दुभंगतात हे पाहिले, आणि ते गणिताने सांगितल्याप्रमाणेच निघाले. उंदराच्या पायात काही जनुके काढून टाकल्यावर जास्त आणि बारीक, १४पर्यंत बोटे येतात, हे २०१२मध्ये दिसले तेव्हा तिथेही ट्युरिंगच्या बाजूने पुरावा मिळाला. फरक समजून घ्यायला हवा. नुसते साम्य पुरावा होत नाही. प्रतिरूपाने आधी काही सांगितले, मग प्राण्यात जाऊन ते तपासले, तर वजन येते. ट्युरिंग यांनी निबंधाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे की, हे प्रतिरूप म्हणजे सुलभीकरण आहे आणि म्हणून त्यात वास्तवाचा विपर्यासही होतो.

माझी स्वतःची एक चूक इथेच सांगते. संगणकावर डोळा उत्क्रांत करून पाहिला आणि चार लाखांहून कमी पिढ्या लागल्या, असे मी काही वर्षे वर्गात सांगत होते. १९९४चा निल्सन आणि पेल्गर यांचा तो निबंध खरा आहे. एक टक्क्याचे एकेक बदल, एकूण १,८२९ पायऱ्या, हे आकडेही त्यातलेच. पण ते कागदावरचे गणित होते, संगणकीय सिम्युलेशन नव्हते. निबंध मुळातून वाचला तेव्हा कळले. पुढच्या वर्गाला मी ते सांगितले, आणि आधीच्या वर्गांना सांगता आले नाही याची टोचणी आहे. उत्क्रांतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आकडे वाढवून सांगायची गरज नाही, आणि तसा हक्कही आपल्याला नाही. समोरच्याकडून पुरावा मागायचा तर आपली बाजूही त्याच तराजूत बसली पाहिजे.

म्हणूनच मला हे प्रात्यक्षिक उत्क्रांतीच्या धड्यापुरते मर्यादित वाटत नाही. हवामानाचा अंदाज, साथीचा अंदाज, धरणातल्या पाण्याचा अंदाज, सगळे आता प्रतिरूपांवरून येते. कोविडच्या काळात आलेख रोज टीव्हीवर नाचत होते आणि त्यांवर विसंबायचे किती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठरवता येत होते. प्रतिरूप म्हणजे काय, ते कुठे मोडते, हे दहावीच्या मुलीने ठिपक्यांवर शिकून घेतले तर पुढे तिला ते आयुष्यभर वापरता येईल.

शाळेत संगणक नाहीत, वीज नाही, हा अडथळा मोठा आहे. आमच्या खोलीत चालू यंत्रे नऊ आणि मुले अठ्ठावन्न. पण ट्युरिंग यांच्या निबंधातली ठिपक्यांची आकृती त्यांनी संगणकाविना, काही तासांची आकडेमोड हाताने करून काढलेली आहे. आलेखाचा कागद घ्या. पहिल्या ओळीत मधला एक चौकोन काळा करा. पुढच्या ओळीतला प्रत्येक चौकोन काळा की पांढरा हे त्याच्या वरच्या तीन चौकोनांवरून, एका ठरलेल्या नियमाने ठरवा. वीस-पंचवीस ओळी उतरल्यावर कोन जातीच्या शंखांवर दिसतात तसे त्रिकोण काही नियमांतून उमटतात. नियम बदला, नक्षी बदलते. खर्च पेन्सिलीचा. आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. तुकडा कापला तरी पुन्हा अख्खा होणारा हा इवलासा प्राणी ट्युरिंग यांनी स्वतःच्या निबंधात उदाहरण म्हणून घेतला होता. तो आपल्या तळ्या-डबक्यांतही सापडतो. पडद्यावरचे प्रतिरूप आणि सूक्ष्मदर्शकाखालचा हायड्रा एकाच तासाला दाखवता येतील.

मला हवे आहेत चार तास आणि पाच गुण. चारपैकी एक तास आकार घडवायला, एक आकडे बदलून आकार बदलायला, एक कोण टिकते या निवडीला, आणि शेवटचा तास प्रतिरूप कुठे चुकते ते शोधायला. पाच गुणांच्या प्रश्नात व्याख्या विचारू नये. विचारावे ते असे: ‘शेजारी दोन चित्रे दिली आहेत. एक मांजराच्या पाठीचे, एक संगणकावरचे. दोन्ही पट्टे सारखे दिसतात. मांजरात ते त्याच रीतीने घडतात हे मान्य करण्याआधी तुम्ही कोणता पुरावा मागाल? मांजराची पिल्ले अजून गर्भात असताना काय तपासाल?’